खांदेरीत हरलं कोण?

१८ ऑक्टोबर १६७९ ला खांदेरी बेटाजवळ इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’ जहाजाने मराठी गलबतं मागे रेटली. एवढ्यावरून मराठी आरमार म्हणजे किनारा धरून राहणाऱ्या होड्या, असा निवाडा काही जण देतात. घटना खरी आहे आणि ती झाकण्याचं कारण नाही. मराठ्यांनी ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत पकडलं, पण इंग्रज कप्तान केग्विनच्या तोफांपुढे त्यांचा काफिला माघारी गेला. त्या दिवसाला थोर सागरी विजय म्हणणारे आपले अभिमानीही इतिहासाचं नुकसानच करतात.

निवाडा मात्र साफ चुकीचा आहे, कारण भांडण त्या दिवसाच्या गोळागोळीचं नव्हतंच. भांडण बेटाचं होतं. मुंबईच्या तोंडावर, दक्षिणेला, मराठी आरमाराचे सरदार मायनाक भंडारी यांची माणसं भर पावसाळ्यात तटाच्या कामाला लागली होती, आणि ते काम बंद पाडायचं म्हणून इंग्रजांची जहाजं तिथे आली होती. धान्य तोडलं की बेट आपोआप रिकामं होईल, हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब वल्ह्यांनी मोडला. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर चालायची. वारा पडला की जागीच. त्यांना पाणीही खोल लागायचं. मराठी मचवे उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, वल्हवत निघायचे आणि बेटाच्या दोन टेकड्यांमधल्या उतारावर माल टाकून परतायचे. ज्या हलकेपणाला नावं ठेवली जातात, त्याच हलकेपणावर खांदेरी जगली. किल्ल्याला दाणागोटा पोचला की नाही, आरमाराची परीक्षा तिथे घ्यायची. पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढ्यातून अंग काढून घेतलं. तट उभाच होता.

दुसरा आक्षेप असा, की जंजिऱ्याच्या सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारची उंदेरी बांधली आणि खांदेरी निरुपयोगी झाली. उंदेरीने जाच दिला, हे मान्य. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर दोन्ही बेटं एका नजरेत मावतात, इतकी ती जवळ आहेत. पण निरुपयोगी खडकावर पहारा ठेवायला कोणी शेजारी दुसरा किल्ला बांधत नाही. आणि मुंबईचा गव्हर्नर बून १७१८ मध्ये आरमार घेऊन पुन्हा याच खडकावर कशाला चालून आला असता? तेव्हा तिथे कान्होजी आंग्र्यांची शिबंदी होती. बूनला खांदेरी न घेताच परतावं लागलं.