मुक्काम किती रात्रींचा?

मैत्रिणींनो, नेरुळच्या एका मैत्रिणीचं चार पानी पत्र समोर आहे. यजमान यंदा निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे बाजूला काढून दोघांनी युरोपला जायचं ठरवलंय. घरी ८४ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्याजवळ डोंबिवलीचे दीर-जाऊ येऊन राहणार, पण बारा रात्री. त्यावर एकही नाही. यजमानांनी सात शहरं काढली आहेत. "पुन्हा कोण जाणार आहे? पैसे भरतोच आहोत, तर सगळं बघून घेऊ," असं त्यांचं म्हणणं.

बाईंना मात्र पॅरिसला निवांत राहायचंय. का, ते पत्राच्या अगदी शेवटी दोन ओळींत लिहिलंय. बँकेच्या जुन्या कॅलेंडरवर मोनेचं कमळांच्या तळ्याचं चित्र होतं. ते त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय, बावीस वर्षं. त्यातले रंग बघून त्या रांगोळ्या काढतात. "एका चित्रासाठी दिवस मागायचा संकोच वाटतो," म्हणतात.

संकोच कसला, बाई! पण यजमानांचंही अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही. आयुष्यात एकदाच जायचं म्हटल्यावर हाव सुटतेच. आमच्या वाशीला गावाकडून पाहुणे यायचे, तेव्हा हेच व्हायचं. १९९२ साली लोकल वाशीपर्यंत आली आणि त्यांचा उत्साह आणखीच वाढला. एका दिवसात गेटवे, राणीबाग, महालक्ष्मी, जुहू! रात्री परतताना पोरं खांद्यावर झोपलेली, आणि गावी जाऊन सांगायला काय उरायचं, तर जुहूची भेळ.

तर आधी वहीत हिशोब मांडा, आणि तो दिवसांचा नको, रात्रींचा मांडा. बारातल्या दोन विमानात धरा. उरल्या दहा. हॉटेलची खोली साधारण सकाळी अकराच्या सुमाराला सोडावी लागते आणि पुढच्या गावी दुपारी दोन-तीनच्या आत मिळत नाही. मध्ये बॅगा भरा, गाडी पकडा, पत्ता शोधा. मुक्काम हलवला की निदान अर्धा दिवस गेलाच. सात शहरं म्हणजे सहा वेळा हलायचं, म्हणजे तीन दिवस नुसते बॅगा ओढण्यात. हा आकडा यजमानांपुढे ठेवा. ज्यांनी जन्मभर हिशोब केले, त्यांना तो लगेच कळेल.

माझ्या मते तीन गावं पुरेत. आधी ॲमस्टरडॅम २ रात्री, मग पॅरिस ५, शेवटी स्वित्झर्लंडचं लुसर्न ३. तिथून टिटलिसचा डोंगर जवळ आहे, उन्हाळ्यातही बर्फ मिळतं. यजमानांची हौस फिटेल. आणि झुरिकचा विमानतळ रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, म्हणजे परतीचं विमान तिथूनच. रोम-व्हेनिस सोडावं लागेल. वाईट वाटेल, पण सोडाच.

पॅरिसला पाच रात्री म्हणजे पूर्ण दिवस चारच, हे लक्षात ठेवा. पोचल्याचा दिवस धरायचाच नाही. उन्हाळ्यात तिथले आणि आपले घड्याळ साडेतीन तासांनी वेगळे असते. पहिल्या रात्री आठलाच डोळे मिटतात. जूनमध्ये रात्री जवळजवळ दहापर्यंत उजेड असतो, पण दिवस मोठा झाला म्हणून गुडघे काही जास्त चालत नाहीत. मेट्रोच्या पुष्कळ स्टेशनांवर जिनेच जिने. एक दिवस एक मोठं ठिकाण, संध्याकाळी नदीकाठ, एवढंच ठेवा.

आणि वार बघा हो, वार! आम्ही रविवारी रात्री पॅरिसला उतरलो आणि बुधवारी सकाळी निघालो. सोमवारी व्हर्सायचा राजवाडा बघायला गेलो तर तो बंद. मंगळवारी लूव्हरला गेलो तर तेही बंद. नुसतं उलट केलं असतं तर दोन्ही दिसलं असतं. दोष कुणाला द्यायचा? कुणी बघूनच ठेवलं नव्हतं. आमचे हे अजून त्या बंद फाटकाचा फोटो पाहुण्यांना दाखवतात.

तुमची कमळं ऑरांजरी नावाच्या संग्रहालयात आहेत, आणि तेही मंगळवारी बंद असतं. १९२७ सालापासून दोन लंबगोल दालनांत आठ प्रचंड चित्रं भिंतींवर आहेत आणि मध्ये बसायला जागा आहे. सकाळी नऊला उघडतं, पहिल्या वेळेचं तिकीट आधीच काढून ठेवा. दुपारी गर्दी होते.

व्हिसाचंही मुक्कामावरच ठरतं. शेंगेन व्हिसा तिन्ही देशांना एकच चालतो, पण अर्ज ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. म्हणजे तुमचा फ्रान्सकडे. दिवस सारखेच असले तर जिथे आधी पाय ठेवाल तिथे. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. सोबत ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा लागतो. म्हणून आधी रात्री नक्की करा, मगच फॉर्म भरा. पाच रात्री एकाच जागी म्हटल्यावर स्वयंपाकघर असलेली खोली बघा. भाजके पोहे, मेतकूट खुशाल न्या. तुपाचा डबा मात्र घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत.

राहता राहिलं यजमानांना सांगायचं. बॅगांचा हिशोब दाखवाच, पण त्याआधी एकदा कपाटाचं दार उघडून ते चित्र दाखवा. बावीस वर्षं ते तिथे का आहे, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंय, असं मला पत्रावरून वाटत नाही.