विश्लेषण : नव्या पियानोवरची ‘सूट’ नेमकी कशावर?

नव्या पियानोवर ‘तब्बल २५ टक्के सूट’ असा फलक दिसला, की मुलीला पियानोच्या परीक्षेला बसवायला निघालेले आईवडील खूश होतात. पण ही सूट कोणत्या किमतीवर, हे फारसे कुणी विचारत नाही. खरे तर दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

किंमत चढते कशी?

भारतात विकले जाणारे नवे पियानो प्रामुख्याने परदेशातून येतात. कारखान्याची किंमत, जहाजाचे भाडे, आयात शुल्क, आयातदाराचा नफा, दुकानदाराचा नफा आणि वर जीएसटी, अशा पायऱ्या चढत पियानो घरी पोहोचतो. पियानोसारख्या वाद्यांवरचा जीएसटी सुरुवातीला २८ टक्के होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. कर बिलावर दिसतो, दुकानदाराचे मार्जिन दिसत नाही. शिवाय कर या मार्जिनवरही लागतो. १८ टक्के दराने दुकानदाराने वाढवलेले १०० रुपये ग्राहकाला ११८ रुपयांना पडतात.

मग सूट खोटी असते का?

एक काल्पनिक हिशेब मांडू. कर बाजूला ठेवू. दुकानदाराला पियानो ४ लाखांना पडला. त्याने लेबल लावले ८ लाखांचे आणि २५ टक्के सूट देऊन तो ६ लाखांना विकला. ग्राहकाला वाटते, २ लाख वाचले. प्रत्यक्षात दुकानदाराने खरेदीवर ५० टक्के चढवलेले असतात. सूट कागदावर खरी असते, पण जिच्यावर ती मोजली ती किंमत कुणी मोजणारच नव्हते. लेबल १० लाखांचे केले असते, तर त्याच ६ लाखांना ‘४० टक्के सूट’ म्हणता आले असते!

म्हणजे दुकानदार लुटतो?

सरसकट तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पियानो मोबाइलसारखा रोज खपत नाही. एकेक नग महिनोन् महिने शोरूममध्ये उभा राहतो. भांडवल अडकते, भाडे चालू राहते. साधा उभा पियानोही २०० किलोंच्या आसपास भरतो. तो जिन्यावरून चढवायला सराईत माणसे लागतात. त्यात २०० हून अधिक तारा. घरी आल्यावर काही आठवड्यांनी तो पुन्हा सुरात लावावा लागतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट पावसाळ्यात लाकूड फुगते, सूर सरकतो. हे सगळे सांभाळणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा.

आक्षेप आहे तो मोबदला लपवण्याला. अमेरिकेत तर पियानोची शिफारस करणाऱ्या शिक्षकाला दुकानाने कमिशन देण्याची पद्धत जुनी आहे. ते पैसेही शेवटी विद्यार्थ्याच्या घरातूनच जातात.

तुलना करणे अवघड का?

बऱ्याच ब्रँडचे अधिकृत विक्रेते मोजके असतात, त्यामुळे त्याच मॉडेलसाठी शेजारचे दुकान मिळत नाही. काही जुनी युरोपीय, अमेरिकी नावे आता वेगळ्याच देशात बनलेल्या पियानोंवर झळकतात. अमेरिकेत ‘पियानो बायर’ ही मार्गदर्शिका मॉडेलनिहाय कमाल सूचक किंमत छापते आणि प्रत्यक्ष सौदा त्याहून खाली होतो, हेही सांगते. अशी एक यादी हाती असली, तरी घासाघीस अंदाजाने करावी लागत नाही.

ग्राहकाने काय करावे?

सुटीचा टक्का विसरा, शेवटचा आकडा लेखी घ्या. त्यात कर, वाहतूक, जिन्याची हमाली, बसायचे स्टूल, ट्यूनिंगच्या किती खेपा आणि किती वर्षांची वॉरंटी हे वेगवेगळे लिहून मागा. मॉडेल क्रमांक नोंदवून दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याला फोन करा. शिक्षकांनाही आदराने, पण थेट विचारा : यात तुमचे कमिशन आहे का?

विक्रेत्यांनीही पियानोची किंमत आणि सेवेचे शुल्क वेगळे छापावे. चांगल्या ट्यूनिंगचे पैसे द्यायला पालक कुरकुरत नाहीत. फसवले गेल्याचे नंतर कळले, तर मात्र ते धाकट्याच्या पियानोसाठी त्या दुकानाची पायरी चढत नाहीत.