प्रौढांच्या वस्तु आणि सरकारचा अधिकार

प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामसुखासाठीं ज्या वस्तु बाजारांत विकल्या जातात, त्यांच्या विक्रीस सरकारनें आळा घालावा कीं नाहीं, हा प्रश्न कित्येकांस अग्रलेखास अयोग्य वाटेल. परंतु ज्या प्रश्नापायीं दुकानदारास तुरुंगाची धास्ती बाळगावी लागते, तो केवळ लज्जेचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न होय. म्हणूनच त्याचा विचार उघडपणें झाला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ अन्वयें अश्लील वस्तु विकणें किंवा विक्रीसाठीं जवळ बाळगणें हा गुन्हा असून, पहिल्या अपराधास २ वर्षांपर्यंत कैद व ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम २९२ चाच हा नवा अवतार. अश्लील म्हणजे काय? तर जें कामुक आहे, किंवा मन भ्रष्ट करण्याकडे ज्याचा कल आहे तें! हा कल मोजावयाचा कशानें? वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का लागतो; पण ज्या वजनानें माणसाचें स्वातंत्र्य जोखावयाचें, तें मात्र ज्या त्या अंमलदाराच्या मनांत!

याचा परिणाम काय होतो हें मुंबईच्याच उदाहरणांवरून दिसून येईल. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकल्याबद्दल येथील एका पुस्तकविक्रेत्यास झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानें १९६४ मध्यें कायम केली. पुस्तक अश्लील आहे हें विक्रेत्यास ठाऊक होतें, असें सिद्ध करण्याची सरकारपक्षास गरज नाहीं, असेंही त्या वेळीं ठरलें. ज्या कसोटीवर ही शिक्षा टिकली, ती इंग्लंडांतील १८६८ च्या एका निकालांतून घेतलेली होती. आणि २०१४ मध्यें त्याच न्यायालयानें ती कसोटी टाकून दिली. कसोटी बदलली, पण दरम्यान तिच्या आधारें ज्यांस दंड झाले, त्यांची भरपाई कोण करणार?

अलीकडील प्रकरण याहून बोधप्रद आहे. मालिश करण्याचीं यंत्रें परदेशांतून आणणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माल जकात खात्यानें जप्त केला. कारण काय, तर त्यांचा उपयोग कामसुखासाठींही होऊं शकेल! आधार कोणता, तर १९६४ ची एक अधिसूचना! मार्च २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें खात्याचें अपील फेटाळलें. हें अनुमान म्हणजे निव्वळ अधिकाऱ्याच्या कल्पनेचा खेळ होय, असा त्या निकालाचा आशय होता. व्यापारी जिंकला खरा. परंतु उच्च न्यायालयापर्यंत लढण्याचें बळ किती दुकानदारांपाशीं असतें?

संस्कृतिरक्षणाचें काय, असें कोणी विचारतील. त्यांनीं र. धों. कर्वे यांचें स्मरण करावें. १९२१ मध्यें त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हां समाजानें त्यांची छी थू केली. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्यें डॉ. आंबेडकरांसारखा वकील उभा असूनही त्यांस दंड भरावा लागला. पुढें १९६८ मध्यें स्वराज्याच्या सरकारनेंच 'निरोध' किराण्याच्या व पानाच्या दुकानांत नेऊन ठेवला. संस्कृति कांहीं बुडाली नाहीं. एका पिढीची अश्लीलता ही पुढल्या पिढीची आरोग्यनीति ठरते, इतकेंच त्यावरून सिद्ध झालें.

मग सरकारनें हात बांधून बसावें काय? मुळींच नाहीं. लहान मुलांस असल्या वस्तु विकणारास कठोर शासन झालेंच पाहिजे. कलम २९५ त्यासाठींच आहे, व त्याची अंमलबजावणी कसोशीनें व्हावी. बालकांचा किंवा कोणाच्याही असहायतेचा उपयोग करून तयार केलेला माल समूळ नष्ट करावा. तेथें दयामाया नको. अशा वस्तु दर्शनी फळीवर मांडून वाटसरूच्या डोळ्यांत खुपसूं नयेत. शरीरास लागणारी वस्तु कोणत्या द्रव्याची आहे व कोणी बनविली, हें वेष्टनावर छापलेलें असावें. विक्री चोरटी झाली म्हणजे माल थांबत नाहीं. थांबते ती केवळ तपासणी, आणि फसलेलें गिऱ्हाईक लाजेनें तक्रारही करीत नाहीं.

सारांश, मुलांचें रक्षण, मालाची शुद्धता आणि रस्त्यावरील सभ्यता, येथपर्यंत सरकारचा अधिकार आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु जाणत्या माणसानें दार लावून घेतल्यावर आंत काय करावें, हें ठरविण्याचा अधिकार प्रजेनें सरकारास दिलेला नाहीं. संसदेनें काय वर्ज्य व काय विक्रेय हें स्पष्ट शब्दांत लिहून द्यावें. व्यापारी कायदा पाळावयास तयार आहे. तो कायदा त्यास आधीं वाचतां आला पाहिजे, एवढेंच आमचें मागणें आहे.