टोपाची वादी

गेल्या शिवजयंतीला आमच्या आळीतल्या पोरांनी रामशेजच्या वेढ्याचा देखावा केला, 1682 साली सुरू होऊन वर्षानुवर्षं चाललेला तो वेढा, आणि ऐन मेन रोडवर किल्लेदाराच्या शिरस्त्राणाची कड्यांची झालर सुटून खांद्यावर आली. दोष रेक्झिनच्या पट्टीचा. दीड-दोन किलो लोखंड लोंबकळल्यावर ती भोकाभोकातून फाटली. म्हणून यंदा भद्रकालीत चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी पर्सचं मऊ क्रोम चामडं ओढून दाखवलं आणि बाजूला टाकलं: ‘हे ताणतं.’ वादी हवी कोल्हापुरीच्या जातीची, बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेली, पण तळाइतकी जाड नको. दोन-अडीच मिलिमीटर पुरे, नाहीतर काठावर वळत नाही. 14व्या शतकातल्या युरोपी टोपांना अशीच वादी असे. काठावर पितळी आकडे, भोकं पाडलेली वादी त्यांवर बसवायची आणि आकड्यांतून तार ओवायची. तार ओढली की झालर हातात, गंज घासायला मोकळी. आपल्याकडच्या जुन्या टोपांना मात्र बहुधा काठालाच बारीक भोकं दिसतात आणि कड्या थेट त्यांत ओवलेल्या. म्हणजे आमच्या किल्लेदाराला वादी मुळात नकोच होती! हे मला आठवलं तेव्हा काकांची आरी अर्ध्या वादीतून फिरून झाली होती. पैसे दिले, वादी हनुवटीखाली बांधायला ठेवली. टोप आता सातपूरच्या एका वर्कशॉपात भोकं पाडायला दिलाय.