माती, मामा आणि टीम आउटिंग

टीम आउटिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कर्जतचं रिसॉर्ट, रेन डान्स, दुपारी पनीर टिक्का आणि संध्याकाळी बॉसच्या हातात माइक. बरोबर? माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसला याचाच जाम कंटाळा आला होता. ती तिथे एचआरमध्ये आहे. "काहीतरी हटके सुचव ना, तू पत्रकार आहेस," असं ती म्हणाली आणि मी नेहमीप्रमाणे विचारबिचार न करता बोलून गेले, "माझ्या मामाच्या कारखान्यात या. गणपती करायला."

कारखाना म्हणजे चिमणी आणि भोंगा नव्हे हं. पेण तालुक्यात नुसतं 'कारखाना' म्हटलं की तो गणपतीचाच. पेण शहरात देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे काम सुरू केलं असं सांगतात. मग शहरातल्या कारखान्यांत हात बसलेले कारागीर आपापल्या गावी गेले आणि हमरापूर, जोहे, कळवे हा सगळा पट्टाच गणपतीचा झाला. तुम्ही मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाता ना (म्हणजे खड्डे मोजत जाता), तेव्हा पेणच्या अलीकडे रस्त्याकडेच्या शेडमध्ये पांढऱ्याफेक मूर्तींच्या रांगा दिसतात. त्यातल्याच एका गावात माझा मामा आहे. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला झोपायला जागा उरायची नाही, कारण ओटीवर, माळ्यावर, अगदी पलंगाखालीसुद्धा बाप्पा वाळत असायचे.

मामाला फोन केला. "नऊशे रुपये माणशी देतील. दिवसभर येतील, मूर्ती करतील, जेवतील आणि जातील."

पलीकडे शांतता. मग, "पैसे देऊन चिखलात हात घालणार? येडी झालीत काय गो ती?"

एरवी त्याने सरळ फोन ठेवला असता. पण ही गोष्ट 2025 च्या जूनमधली आहे, आणि ते वर्ष पेणमधल्या कुणालाच विसरता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये पीओपीच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. ती काटेकोर पाळा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. आता पेणचं वर्ष कसं चालतं बघा. अनंत चतुर्दशी झाली की थोडी विश्रांती, आणि दिवाळीनंतर पुढच्या वर्षाचं काम सुरू. परदेशी जाणारा माल तर बोटीने जातो, म्हणून तो उन्हाळ्यातच निघायला लागतो. म्हणजे जानेवारीत मामाची शेड निम्मी भरलेली होती आणि त्यातलं बरंचसं पीओपी होतं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ॲडव्हान्स रोखला. बँकेचा हप्ता काही रोखला गेला नाही.

9 जूनला कोर्टाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली. विसर्जन मात्र परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात करायचं नाही. पुढे जुलैच्या अखेरीला ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडायच्या. पण तोपर्यंत पाच महिने गेले होते. पर्यावरणवाल्यांचं म्हणणं मला पटतं. समुद्रकिनाऱ्यावर चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघा, तुम्हालाही पटेल. पण "मग शाडूचे करा ना" हे आपण एसीत बसून जितक्या सहज म्हणतो तितकं ते सहज नाही, हे मामाच्या शेडमध्ये कळतं. शाडू जड असतो, वाळायला वेळ घेतो आणि प्रवासात जरा धक्का लागला की बोट नाहीतर कान गेलाच. आणि ही माती काही पेणच्या खाडीत सापडत नाही, ती गुजरातमधून भावनगरकडून येते. मामाचा आवडता डायलॉग आहे, "माती गुजरातची, पीओपी राजस्थानचं. आमचे नुसते हात."

तर अशा त्या जूनमध्ये बावीस माणसांचे एकोणीस हजार आठशे रुपये मामाला नको म्हणवले नाहीत. मीही खूश. मामाला मदत झाली, मैत्रिणीचं काम झालं आणि मला कॉलमला विषय मिळाला.

रविवारी मिनीबस आली ती दीड तास उशिरा. बावीसजण उतरले. त्यातल्या अर्ध्यांनी पांढरे कपडे घातले होते! मामाने तीन दिवस खपून शेडचा एक कोपरा रिकामा केला होता. मधल्या रांगा माळ्यावर, पाट मांडलेले, मळलेल्या शाडूचे गोळे ओल्या गोणपाटाखाली. शेजारच्या कारखान्यातले दोन काका शिकवायला आले होते. त्यांची वही-पेन घेऊन क्लास घेण्याची पद्धत नाही. ते फक्त करून दाखवतात आणि म्हणतात, "असं."

आधी बैठक, मग मांड्या, मग पोट. इथपर्यंत सगळे सही होते. हात लावायला घेतले आणि पडझड सुरू झाली. नवशिक्याला भेग दिसली की तो पाणी लावतो. पाणी जास्त झालं की माती बसते. माती बसली की तो आणखी माती थापतो. मग सोंड गळते. आमच्या एका टीम लीडची सोंड चार वेळा गळाली, तेव्हा त्याच्या टीमने ज्या आनंदाने टाळ्या वाजवल्या, तो आनंद कुठल्याही रिसॉर्टमध्ये मिळाला नसता. मामा मागे हात बांधून फिरत होता. "पाणी कमी," एवढंच म्हणत होता.

दुपारी मामीच्या हातची तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तळलेले पोह्याचे पापड. संध्याकाळी ग्रुप फोटो. हातभर माती, चेहऱ्यावर माती, सगळ्यांचं स्टेटस एकच. "लाइफटाइम एक्स्पिरिअन्स" हा शब्द मी त्या दिवशी किमान दहा वेळा ऐकला आणि मला मनापासून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता माझी चूक ऐका. ओली शाडूची मूर्ती घरी नेता येत नाही. पावसाळ्यात ती सावलीत आठ-दहा दिवस तरी वाळते, उन्हात घाईने वाळवली तर तडकते. नंतर पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे. म्हणजे बावीसही मूर्ती मागे ठेवूनच जायचं होतं आणि पंधरा दिवसांनी न्यायला यायचं होतं. "येणार ना?" "ऑफ कोर्स!" प्रत्येकाच्या मूर्तीखाली मामीने नावाची चिठ्ठी ठेवली. काहीजण नाव न सांगताच बसमध्ये जाऊन बसले, तर तिने ओळखीची खूण लिहिली. चष्मेवाला. लाल टी-शर्ट. सारखी हसणारी.

पंधरा दिवसांत आले चौघं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी मामाकडे दोन दिवस राहिले. चतुर्थी 27 तारखेला होती. आपण ज्याला 'ॲक्टिव्हिटी' म्हणतो ना, ती खरी तेव्हा बघावी. शाळा सुटली की पोरं दप्तर घरात टाकून शेडमध्ये येतात. नागपंचमीला शाडूचा फुकट गोळा मागायला हीच पोरं आलेली असतात, नाग करायला. आता त्यांच्या हातात ब्रश असतो आणि ती उंदीर रंगवतात. उंदीर नीट जमला की पाट, पाट जमला की सोवळं. बायका घरचं आवरून येतात, नगावर काम घेतात. पावसाने रंग वाळत नाही म्हणून हॅलोजन लावलेले असतात, आणि लाइट जायची ती नेमकी तेव्हाच जाते. मग अंधारात कुणीतरी गाणं म्हणायला लागतं.

आणि ट्रक आला की गल्लीतली झाडून सगळी माणसं बाहेर येतात. ज्याचा माल आहे तो, ज्याचा नाही तोही. शेडपासून ट्रकपर्यंत एक ओळ उभी राहते. मूर्ती हातातून हातात जाते, दोन्ही हात खालून, नजर सोंडेवर. ट्रकमध्ये चढलेला माणूस पेंढा भरतो, कागद लावतो. कुणी सूचना देत नाही. रात्री दोन वाजता मीही त्या ओळीत उभी राहिले. माझ्या डावीकडे अंगणवाडीतली ताई होती आणि उजवीकडे मामाचा कट्टर स्पर्धक, ज्याच्याशी मामा एरवी रंगाच्या डब्यावरूनही भांडतो. तीन तास कुणी कुणाचं कौतुक केलं नाही. मूर्ती एक फुटली. सगळे क्षणभर थांबले, फुटलेली बाजूला ठेवली आणि ओळ पुढे सरकली.

त्याच रात्री मला एक गोष्ट कळली, जी मामाने कुणालाच सांगितली नव्हती. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मामा आखणीवाला आहे. म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. कारखान्यात सगळ्यात मान या कामाला असतो. बारीक ब्रश, श्वास रोखून एक रेघ, ती चुकली तर सबंध चेहरा गेला. मोठ्या मूर्तींसाठी त्याने त्या वर्षी बाहेरचा आखणीवाला बोलावला होता, मजुरी देऊन. ऑपरेशन? "सीझननंतर." माझा मामेभाऊ रंगकाम करतो, पण आखणीला बसत नाही. तो उरणला एका कंटेनर यार्डात नोकरीला लागलाय. "दर महिन्याला पगार येतो ताई," असं तो म्हणाला, आणि त्यावर मी काय बोलणार होते? माझ्या स्वतःच्या पेमेंटचे चेक दोन-दोन महिने येत नाहीत.

आमच्या बावीसातले जे न्यायला आले, त्यांच्या मूर्तीचे डोळे मामाने त्यांच्यासमोर आखले. लहान मूर्ती, आठ इंची. तिथे चुकायला जागाच नाही. तो डोळ्यांच्या इतक्या जवळ मूर्ती धरत होता की मला वाटलं, वास घेतोय. त्या टीममधली एक मुलगी, आउटिंगला दिवसभर एक शब्द न बोललेली, तिसऱ्यांदा आली होती. मेमूने हमरापूर स्टेशनला उतरून एकटी चालत. मामाने तिला एका मूर्तीचं सोवळं रंगवायला दिलं होतं. डोळे कधी शिकवाल, असं तिने विचारलं. "आधी उंदीर कर," मामा म्हणाला, आणि ती खरंच पोरांच्या ओळीत जाऊन बसली.

चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत अकराजणांनी मूर्ती नेल्या. अकरा राहिल्या.

फोन केले. एकाची बदली बंगळुरूला झाली होती. दोघांची नोकरीच गेली होती, त्यांना मी पुढे काही विचारलं नाही. एकाच्या घरी आधीच गणपती बुक केला होता आणि आईने सांगितलं होतं की घरात दोन नकोत. बाकीचे "या वीकएण्डला नक्की" म्हणाले. वाईट माणसं नाहीत हो ती. मीही चार वर्षांपूर्वी एका पॉटरी वर्कशॉपमध्ये केलेला मग अजून आणलेला नाही, हे मला मामीशी बोलताना आठवलं आणि कान गरम झाले.

मामाचा धंद्याचा हिशेब विचाराल तर तो सोपा आहे. अकरा मूर्ती म्हणजे कारागिराचं दीड-दोन दिवसांचं काम. तशा तर दरवर्षी कितीतरी उरतात. शाडूची सोय अशी की मूर्ती न भाजलेली असते, पाण्यात टाकली की पुन्हा माती. टपात भिजवायची, गाळायची, मळायची आणि पुढच्या वर्षी साच्यात. पण मामा त्या भिजवेना. "ज्याने केली त्याला न विचारता?" त्याने रंगसुद्धा पुरा दिला. फक्त डोळे आखले नाहीत. त्याचं म्हणणं, डोळे दिले की मग फळीवर ठेवून देता येत नाही.

दिवाळीआधी त्याचं ऑपरेशन झालं. आता तो लांबची एसटीची पाटीसुद्धा वाचतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतो. नव्या सीझनचं काम सुरू झालंय, शाडूची ऑर्डर या वेळी जास्त आहे आणि माळ्यावरची फळी हवी आहे. परवा त्याचा फोन आला. "तुझ्या त्या लोकांना विचार. भिजवू का?" मागून मामी चिठ्ठ्या वाचत होती. चष्मेवाला. लाल टी-शर्ट. सारखी हसणारी...

मी म्हटलं, माझा कॉलम येईपर्यंत थांब. तर मंडळी, तुम्ही हे पान ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये वाचत असाल आणि जून 2025 मध्ये एका रविवारी तुमच्या पांढऱ्या शर्टवर माती लागली असेल, तर मूर्ती न्यायला या. किंवा निदान 'भिजवा' म्हणून सांगा, मामाला तेवढंही चालेल. सोमवारी बाजार असतो, मामा नसतो. बाकी कुठल्याही दिवशी दहानंतर. डोळे आखायला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ काढून या. येताना एक खोकं आणा. पेंढा तिथे आहे.