एकाच दुकानदाराच्या दारात युरोप



गावात दुकान एकच, माल चार पैसे स्वस्त, तोवर सगळे दुकानदाराचे गुण गातात. त्याने फळी लावली की मग डोळे उघडतात. आपण हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले. जर्मनीसारख्या हुशार, श्रीमंत देशाने तेच २०२२ साली भोगले, म्हणून ही गोष्ट बैठकीपुढे ठेवत आहोत.

१९७० साली पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांचा करार झाला. जर्मनीने पोलादी नळ द्यायचे, रशियाने नैसर्गिक वायू. १९७३ पासून वायू येऊ लागला. व्यापार वाढला की वैर कमी होईल, असा हिशेब होता. तो खुळा नव्हता. शीतयुद्धातही वायू येत राहिला.

पण खुणा दिसत होत्या. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेनचे भावावरून भांडण झाले आणि वायू दोन आठवडे अडला. बल्गेरिया, स्लोवाकियातली माणसे ऐन थंडीत गारठली. पोलंड आणि लिथुआनिया ओरडून सांगत होते. जर्मनीने काय केले? २०११ साली या देशांना वळसा घालून समुद्राखालून रशियाचा थेट नळ घेतला. २०१४ साली रशियाने क्रिमिया गिळला. तरीही २०१५ साली दुसऱ्या नळाचा करार झाला आणि रेडेन येथील देशातले सर्वांत मोठे वायूचे कोठार रशियाच्या गॅझप्रोम कंपनीच्या ताब्यात गेले. म्हणजे गिऱ्हाइकाने पेवाची किल्लीही दुकानदारालाच दिली! २०२१ च्या हिवाळ्याच्या तोंडी हे पेव जवळजवळ रिकामे होते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केली. त्या वेळी जर्मनीच्या आयात वायूतला निम्म्याहून जास्त वाटा रशियाचा होता. जूनपासून रशियाने नळ आवळला, सप्टेंबरात पूर्ण बंद केला. ऑगस्टमध्ये वायूचा भाव पूर्वीच्या दसपटीहून वर गेला. वायूपासूनच अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. युरोपातल्या खत कारखान्यांनी उत्पादन घटवले. आपल्याकडे पोत्याचा भाव हलला नाही, पण २०२२-२३ साली केंद्राचे खत अनुदान दोन लाख कोटी रुपयांवर गेले. तो पैसा आकाशातून पडला नाही.

काही मंडळी म्हणतील, पाहा, खुल्या व्यापाराने युरोप बुडवला. आमचे मत उलटे आहे. एक विक्रेता, एक नळ आणि कोठारही त्याचेच, याला बाजार म्हणत नाहीत. जर्मनीला वाचवले ते नॉर्वेच्या नळांनी आणि अमेरिकेहून आलेल्या जहाजांनी. डिसेंबर २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेन बंदरात द्रवरूप वायू उतरवण्याची सोय काही महिन्यांतच उभी राहिली. पण उशिरा जागे झालेल्याने वाढीव भाव मोजला. आणि तो भाव ज्यांना परवडला नाही, त्या पाकिस्तान व बांगलादेशात दिवे गेले. श्रीमंताच्या चुकीचा भुर्दंड गरिबालाही बसतो.

लिथुआनिया हा छोटा देश शहाणा ठरला. सारा वायू रशियाचा, भावही चढा. त्याने २०१४ साली आपल्या बंदरात द्रवरूप वायूचे तरंगते कोठार आणले. जहाजाचे नाव ठेवले ‘स्वातंत्र्य’. जहाज यायच्या आधीच गॅझप्रोमने भाव उतरवला. एप्रिल २०२२ मध्ये लिथुआनियाने रशियाचा वायू घेणे थांबवले. नुसते दुसरे दार दिसले तरी पहिल्या दुकानदाराची भाषा बदलते.

कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात आपल्यापुढे एकच खरेदीदार होता आणि राज्याच्या सीमेवर कापसाच्या गाड्या अडवल्या जात होत्या. त्या नाक्यांवर जे शिकलो, तेच जर्मनी नळाच्या तोंडाशी शिकला. आता युरोपात जहाजाने येणाऱ्या वायूत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे. एक सावकार सोडून दुसऱ्याच्या ओट्यावर बसणे म्हणजे कर्जमुक्ती नव्हे, हेही युरोपने ध्यानात ठेवावे.

देशाची सुरक्षा फक्त तोफांनी होत नाही. पर्याय शाबूत असावे लागतात, आणि पेवाची किल्ली आपल्या कनवटीला. खत असो, बियाणे असो की कापसाची खरेदी, कोणी ‘आम्हीच सगळे घेऊ, आम्हीच सगळे देऊ’ म्हणत आला, तर भाव विचारण्याआधी एवढेच विचारा: दुसरे दार कुठे आहे?