हात धुवा, आकडे दाखवा

शस्त्रक्रिया यशस्वी होते, रुग्ण शुद्धीवर येतो आणि चार-सहा दिवसांनी ताप चढतो. रक्ताच्या कल्चरमध्ये असा जिवाणू निघतो, की हाताशी असलेली बहुतेक प्रतिजैविके त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. मग मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारे कोलिस्टिन सुरू होते. नातेवाइकांना 'इन्फेक्शन झाले' एवढेच कळते. ते कुठून आले, हे कोणी सांगत नाही. अतिदक्षता विभागातील अशी कित्येक इन्फेक्शने तिथेच जडतात आणि त्यांतील बरीच टाळता येतात. म्हणूनच त्यांचा हिशेब रुग्णालयांना मागायला हवा.

मुंबईला हा इशारा फार आधी मिळाला होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 या काळात हिंदुजा रुग्णालयात कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद न देणारे 24 जिवाणू तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी 22 मध्ये ही औषधे निकामी करणारे 'एनडीएम-1' हे विकर सापडले. 2014 पासून लागू झालेल्या औषध नियमांतील एच-1 अनुसूचीने औषध दुकानांतील प्रतिजैविकांच्या विक्रीवर काही बंधने आणली. ती हवीच होती. पण अतिदक्षता विभागात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे होणारा प्रसार त्यांनी थांबत नाही.

तो बहुतांशी हातांवाटे होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा मान्य दंडक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकच सिस्टर दोन-तीन रुग्ण सांभाळते. एकाचे सक्शन चालू असताना शेजारचा अलार्म वाजतो, ती धावते आणि तेच हातमोजे मॉनिटरच्या बटणाला, खाटेच्या कठड्याला, सलाइनच्या जोडणीला लागतात. अॅसिनेटोबॅक्टरसारखा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी आठवडेही तग धरतो. हातावर सॅनिटायझर चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. तेवढीही उसंत जिला मिळत नाही, तिला दोष देणे अन्यायाचे आहे. खाटा पुसणाऱ्या मावशी-मामांनाही कंत्राटावर राबवायचे आणि प्रशिक्षण द्यायचे नाही, मग संसर्ग आटोक्यात येणार कसा?

उपाय महागडा नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतील नळी, वापरताना पाच गोष्टी कटाक्षाने पाळल्या: हात धुणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे. नियम मोडणाऱ्या डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. दर 1000 लाइन-दिवसांमागे 2.7 असलेला रक्तसंसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला. हे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे 200 अतिदक्षता विभागांच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेच प्रमाण सरासरी नऊच्या घरात होते. ही तफावत नव्या औषधाने भरून निघणार नाही.

इंग्लंडने 2001 पासून 'एमआरएसए' या औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूच्या रक्तसंसर्गाची नोंद सक्तीची केली, आकडे जाहीर केले, ते निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरवले आणि गाठले. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. त्याच्याच शेजारी संसर्गाचे प्रमाणही झळकले पाहिजे. प्रामाणिकपणे मोजणारे रुग्णालय बदनाम होईल, ही भीती अनाठायी नाही. त्यासाठी अतिदक्षता विभागाच्या प्रकारानुसार तुलना करावी आणि पहिली दोन वर्षे वाढीव आकड्यांसाठी नव्हे, तर आकडे दडवण्यासाठी दंड करावा. सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांची रिक्त पदे भरण्यापासून या कामाची सुरुवात सरकारने स्वतःच्या घरातून करावी.

खाटेचे भाडे विचारता येते, तसे 'तुमच्या आयसीयूत इन्फेक्शनचे प्रमाण किती?' हेही नातेवाइकांना विचारता आले पाहिजे. त्याचे लेखी उत्तर देण्याचे बंधन राज्य सरकारने आता विनाविलंब घालावे.